दिव्याची बांगडी

नाशिकच्या त्या कॉलनीत थांबणं ही आता सभ्यतेची खूण झाली होती. दूधकेंद्रावर एखाद्या आजोबांच्या मनगटावरची बांगडी उजळली, की मागची रांग गप्प उभी राही. आजोबा खिशात हात घालत, विसरत, पुन्हा घालत. कुणी "द्या इकडे, मी काढतो" म्हणालंच, तर लोक त्याच्याकडे रस्त्यात थुंकणाऱ्याकडे बघावं तसे बघत.

हे सगळं हेतुवलयामुळे. नाव भारदस्त, वस्तू साधी. कानामागे टिकलीएवढी चकती आणि हातात बांगडी. हात हलण्याच्या जरा आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते. चकती ती टिपते आणि बांगडी उजळते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसात तयारी आणि हालचाल यांच्यात मोठं अंतर पडतं. पूर्वी नेमकी तिथेच घरचे लोक घाई करत. बटणं लावून देत, घास भरवत. म्हाताऱ्या माणसाने सुरुवात करायच्या आतच काम उरकलेलं असे, आणि हळूहळू त्याचा मेंदू सुरुवात करायचंच सोडून देई. ज्यांना आपण गेल्यात जमा धरलं होतं, ती माणसं दिवसभर काही ना काही करू बघत होती, हे बांगडीने दाखवून दिलं. त्या दिवसांत बऱ्याच घरांना तोंड लपवावंसं वाटलं.

भूषण वारुंगसे एका कॉलेजचा प्राचार्य. त्याच्या आईच्या, सिंधूबाईच्या हातात बांगडी होती, पण तो समोर बसून बोलत असताना ती कधी उजळत नसे. आई खाटेवर बसून त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघे आणि त्याला 'साहेब' म्हणे. भूषणला एवढंच हवं होतं, की तिने एकदा त्याला नावाने हाक मारावी.

वॉर्डच्या उपचार केंद्रातून नाझनीन तांबोळी घरी येई. ती व्यवसायोपचारतज्ज्ञ होती, म्हणजे रोजच्या कामांतूनच माणसाला सावरणारी. पेशंटइतकंच सांभाळणाऱ्याकडेही तिचं लक्ष असे.

"सर, मावशी आधी काय काम करायच्या?" तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"गृहिणी होती. स्वयंपाक, घरकाम. चारचौघींसारखंच."

मग नाझनीनने कणीक आणली, शेंगा आणल्या, निवडायला मेथी आणली. बांगडी काळी ती काळीच. स्वतःशी असताना मात्र सिंधूबाईची बोटं मांडीवर काहीतरी गुंडाळत बसत आणि बांगडी उजळे. भूषणला ते दिसलं, की तो तिच्या हातांवर शाल टाकी.

"चाळा आहे तो," तो म्हणाला.

"चाळ्याला दिवा लागत नाही, सर. मावशींना काहीतरी करायचंय." नाझनीनने शाल बाजूला केली. "नावं, चेहरे साठवायची मेंदूतली जागा आधी ढासळते. हातांच्या सवयी वेगळ्या ठिकाणी, खोल असतात. शेतातल्या पायवाटेसारखं आहे बघा. पाय पडत राहिले तर वाट टिकते, थांबले की गवत माजतं. मला वाट कुठे आहे तेवढं सांगा."

घरात तिघांखेरीज कुणी नव्हतं, तरी भूषणने दार लोटून घेतलं.

"विड्या वळायची. सिन्नरला. पण कॉलेजात कुणाला माहीत नाही."

"अहो, मग इतके दिवस मेथी कशाला निवडत बसवलंत त्यांना?" नाझनीन म्हणाली.

पुढच्या भेटीत तिने सूप, टेंभुर्णीची ओलसर पानं, कात्री, दोरा आणि तंबाखूऐवजी चहाची पूड आणली. सिंधूबाईने पान हुंगलं. बांगडी उजळली ती विझेचना. तिने पान कापलं, पूड पसरली, गुंडाळी केली, टोक नखाने दाबलं, दोरा फिरवला. झाली विडी. नाझनीनने भूषणला फोन केला. "सर, मावशी विड्या वळतायत. मी थांबते, संध्याकाळी लवकर या. बघायलाच हवं तुम्ही."

नेमकं त्या दिवशी उपप्राचार्यांनी त्याला गाडीने घरी सोडलं आणि 'चहा घेऊनच जातो' म्हणत तेही उतरले. भूषणला आठवलं, आत सूप असणार. फाटकातूनच तो मोठ्यांदा ओरडला, "आई, आलो गं!" अशी हाक त्याने कित्येक वर्षांत मारली नव्हती. आत्ताच का मारली, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो दारात पोचला तेव्हा बांगडी लख्ख उजळली होती.

"आवाज ओळखला तिने!" तो पुढे धावला.

"थांबा," नाझनीन म्हणाली. "हात लावू नका. पुरं होऊ द्या त्यांचं."

सिंधूबाईने मांडीवरचं सूप उचललं, वाकून खाटेखाली ठेवलं आणि पायाने पार भिंतीपर्यंत ढकललं. पदर झटकला. बोटं पदराला पुसली, हुंगली, पुन्हा पुसली. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन ती ताठ बसली.

भूषणला हे सगळं पाठ होतं. आठवीत असताना एकदाच तो तिला म्हणाला होता, "मित्रांसमोर नको ना वळत बसू." त्यानंतर मित्रांना घेऊन येताना तो गल्लीच्या तोंडापासूनच हाक मारी, आणि पोरं दारात येईपर्यंत सूप खाटेखाली गेलेलं असे. तिने त्यावरून कधी चकार शब्द काढला नव्हता.

आता तिने थेट त्याच्याकडे पाहिलं.

"भूषण, आण मित्रांना आत. आवरलंय मी सगळं."

नाझनीनचे डोळे भरून आले. "नाव घेतलं, सर! काय आवरलं त्यांनी?"

उपप्राचार्य मागेच उभे होते.

"काही नाही," भूषण म्हणाला. "पसारा."

उपप्राचार्य गेल्यावर त्याने नाझनीनला सगळं सांगितलं.

"तुमचं नाव त्यांच्या आठवणीत नाही उरलेलं," ती म्हणाली. "ते या सवयीत अडकून राहिलंय. तुमची हाक, सूप लपवणं आणि मग नाव. एकच वाट आहे ती. रोज चालवलीत तर नाव टिकेल."

"आणि नाही चालवली तर?"

"तर तेही जाईल. काय करायचं ते मी कसं सांगू, सर? बांगडी फक्त हेतू दाखवते."

दुसऱ्या दिवशी तो पाय न वाजवता आत गेला आणि आईशेजारी बसून त्याने एक पान उचललं. विडी काही धड जमेना. आई हसली. तिने त्याचं बोट धरून टोकावर नेलं. "असं नव्हं, साहेब. नखानं दाबा." ती इतकी खुशीत त्याला कैक दिवसांत दिसली नव्हती. बांगडी सारखी उजळलेली होती. हेच बरोबर आहे, हे त्याला पटलं. तरी त्या 'साहेब'मुळे रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी तो फाटकापाशी थांबला. खिडकीतून आईच्या मनगटाचा उजेड दिसत होता. मुकाट्याने आत जावं, शेजारी बसावं, एवढंच करायचं होतं. शरमेने त्याचे कान तापले. रस्त्यावर कुणी नाही ना, हे त्याने बघून घेतलं.

"आई, आलो गं!"

आत सूप फरशीवर घासत गेलं. तिचा पदर झटकून होईपर्यंत भूषण बाहेरच थांबला, आणि मग आपलं नाव ऐकायला आत गेला.