सातवीतली वीस मिनिटं

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी बाकाखाली होते.

बारावीच्या वर्गातला माझा बाक फार डुगडुगायचा. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबांचा पाना घेऊन मी त्याचे नट आवळत बसले होते. बाबा त्याच शाळेत शिपाई. शेवटची घंटा झाली की बावीस खोल्यांच्या खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, कुलपं घालायची हे त्यांचं काम. आणि ते होईपर्यंत थांबायचं, हे पहिलीपासून माझं.

"बाकाखाली कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी. वर कोण आहे?"

"नवीन मुलगा."

"मग नुसता उभा काय राहिलास? बाक धर."

त्याने धरला. मी बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं. त्याने नुसतं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं… मी पुसायला गेले तर ते आणखीच पसरलं. तेव्हा मात्र तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. एवढं मला पहिल्याच दिवशी दिसलं, म्हणजे माझी लक्षणं तेव्हाच काही ठीक नव्हती.

त्याच्या वडिलांची बदलीची नोकरी, ही त्याची सहावी शाळा. वर्गाने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. पण पाहुणा बोलायला लागला की ऐकणारा जागचा हलत नसे. आंतरशालेय वक्तृत्वाचा करंडक त्याने आल्या आल्या आणला, आणि निरोप समारंभात वर्गाच्या वतीने बोलायला वर्गशिक्षिका बाईंनी त्याचंच नाव दिलं. मागच्या बाकावरची मुलं चिडली. ज्याने आपल्याबरोबर जेमतेम आठ महिने काढले, तो बारा वर्षांचं काय बोलणार? बाई म्हणाल्या, ज्यांच्याकडे आठवणी आहेत त्यांना धड बोलता येत नाही, त्याला मी काय करू?

त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला.

"तू इथे पहिलीपासून आहेस ना? मला आठवणी हव्यात."

"फुकट?"

"खिडक्या लावून देतो."

अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाबा खालचा मजला आवरायचे, आम्ही वरचे दोन. एका हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी पुढे, वही घेऊन तो मागे. पहिलीच्या खोलीत मी त्याला ते कपाट दाखवलं, ज्यात आमचा सगळ्यात धिप्पाड मुलगा आईसाठी रडत दिवसभर लपून बसला होता. चौथीत गुरुजींच्या डब्यात निघालेला बेडूक आणि त्यापायी उठाबशा काढणारा अख्खा वर्ग. आठवीतल्या गणिताच्या बाई, ज्यांचा खडूचा नेम अकरा वर्षांत एकदाच चुकला, आणि तोही थेट तपासणीला आलेल्या साहेबांना लागला. तो इतका हसला की फळ्याला टेकला, आणि त्याच्या पाठीवर फळ्यावरचं अर्धं समीकरण उमटलं. मी ते झटकायला हात पुढे केला… आणि मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्यापर्यंत जपून ठेवतो."

"आंघोळ करणार नाहीस?"

"तू म्हणशील तसं."

एकदा अवेळी पाऊस आला आणि नववीच्या खोलीतली खिडकी अडकली. दोघांनी मिळून ढकलली. ती लागली, तरी आमचे हात तिथेच राहिले. पाणी काचेवरून ओघळत होतं, माझी बाही कोपरापर्यंत भिजली होती, आणि खालून बाबा विचारत होते, वर सगळं नीट आहे ना? मी म्हटलं, आहे. इतकं नीट मला कधीच काही वाटलं नव्हतं.

सातवीची खोली मात्र मी रोज बाहेरूनच बंद करायचे. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच.

"सातवी कुठे गेली तुझी? गाळली?"

मी कुलूप ओढून पाहिलं. तो पायरीवर बसून राहिला. हे त्याचं थांबणं… त्यानेच मला बोलतं केलं.

मी सातवीत असताना आई दवाखान्यात होती. भेटायची वेळ साडेपाचपर्यंतच. शाळा पाचला सुटायची, खोल्या बंद करून आम्ही धावत पोहोचेपर्यंत दार लागलेलं असायचं. आठवडाभर आईला आम्ही दाराच्या काचेतूनच पाहिलं. एके दिवशी बाबा सूचनेची वही घेऊन वरच्या वर्गांत गेले होते. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी हातोडा उचलला आणि शेवटची घंटा दिली. वीस मिनिटं आधी.

सगळी शाळा ओरडत बाहेर पडली. बाबा धावत खाली आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हातोडा काढून घेतला, खुंटीला अडकवला आणि खोल्या बंद करायला लागले. त्या दिवशी आम्ही वेळेत पोहोचलो. आईने माझी वेणी सोडून पुन्हा घातली. जेवलीस का, विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

बाबांनी खुलासा लिहून दिला, 'घड्याळ पाहण्यात माझी चूक झाली.' तेव्हापासून सगळी शाळा त्यांना 'वीस मिनिटं' म्हणायची. वीस मिनिटं आले रे, म्हणून पोरं खिदळायची, आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. त्या घंटेबद्दल ते आणि मी तोवर एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो.

तो ऐकत होता. त्याने वही कधी मिटली ते मला कळलंही नाही. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"हे भाषणात नाही," मी म्हटलं.

"वेडी आहेस का," तो म्हणाला.

समारंभाच्या आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात त्याने मला सगळं भाषण वाचून दाखवलं. कपाट होतं, बेडूक होता, खडू होता. सातवी नव्हती. मला तो त्या दिवशी इतका आवडला की घरी जाऊन मी दोनदा आमटीत मीठ घातलं. बाबांनी निमूटपणे जेवून घेतलं आणि एवढंच विचारलं, उद्या तुमचा पाहुणा बोलणार आहे ना?

समारंभाला सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापक, पालक, पुढच्या रांगेत पाहुणे मंडळी. बाबा दाराशी पाण्याचा जग घेऊन उभे होते, इस्त्रीच्या गणवेशात. तो बोलायला उभा राहिला. कपाटाला लोक हसले. बेडकाला कमी हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पाहुण्या, तू होतास का तिथे?" आणि मागच्या दोन रांगा खो खो हसल्या. तो पुढचं वाक्य चुकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हशा. पालक एकमेकांशी बोलायला लागले. सभागृह त्याच्या हातातून निसटत चाललं होतं, आणि असं त्याचं कधी झालं नव्हतं.

त्याने कागद खाली ठेवला.

"मी नव्हतो," तो म्हणाला. "पण इथे एक मुलगी होती. सातवीत."

पुढचं मी ऐकलं नाही म्हणायला हवं, पण शब्द न् शब्द ऐकला. वेणीसुद्धा. तो सुंदर बोलला. मागची मुलं माना खाली घालून बसली, बाई पदराने डोळे पुसत होत्या. बोलणं संपलं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

मुख्याध्यापकांनी बाबांना व्यासपीठावर बोलावलं. बाबांना जग कुठे ठेवावा ते कळेना, कुणीतरी तो काढून घेतला. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला गेला. ते मान खाली घालून उभे राहिले, खुलासा द्यायला उभे असावेत तसे. टाळ्या थांबेचनात.

सगळे गेल्यावर बाबा आणि मी खुर्च्या रचत होतो. चौथ्या रांगेपाशी बाबा थांबले.

"तू सांगितलंस त्याला?"

"हो."

"बरं." त्यांनी आणखी दोन खुर्च्या एकात एक घातल्या. "मला वाटायचं, ते आपल्या दोघांतच आहे."

ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्या हातातली खुर्चीही काढून घेतली आणि म्हणाले, तू जा, दमली असशील.

तो बाहेर व्हरांड्यात वाट पाहत होता. चेहरा अजून तापलेला, डोळे ओले.

"सगळे रडत होते," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना आता कुणी हसणार नाही. मला ते सहनच होत नव्हतं… आणि मला तू आवडतेस. ते आज सांगायचं ठरवूनच आलो होतो."

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य, ते असं बाहेर पडलं. "एक विचारू? मागची मुलं हसली नसती, तर तू सातवीचं बोलला असतास?"

तो खोटं बोलू शकला असता. शब्दांची त्याला काही वाण नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

त्या खरेपणामुळे तो मला आणखी आवडला. आणि त्यानंतर आमच्यात काही उरलं नाही.

खरंच बाबांना पुन्हा कुणी 'वीस मिनिटं' म्हटलं नाही. ते आले की पोरं गप्प व्हायची, बाजूला सरकून वाट द्यायची. काही पालक थांबून त्यांचा हात हातात घ्यायचे. नोकरीची शेवटची दोन वर्षं बाबा इमारतीच्या मागच्या बाजूने ये-जा करायचे. पोरांबरोबर हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

शेवटच्या पेपरानंतर तो फाटकाशी उभा होता. त्याच्या वडिलांची पुन्हा बदली झाली होती, सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला होता. कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. पेपर कसा गेला, त्याने विचारलं. बरा, मी म्हटलं. मग तो म्हणाला, एकदा माझ्यावर ओरड तरी. मी म्हटलं, राग असता तर ओरडले असते.

कोपऱ्यावर तो थांबला.

"माझीही एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या शाळेतली. मी… आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगायची आहे. मग आपण… म्हणजे, तुझ्याकडेही माझं काहीतरी राहील."

मला ऐकायची होती. देवाशप्पथ, त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. त्याचा डावा हात पिशवीच्या बंदावर होता. तो धरला असता, तर बाकीचं सगळं आपोआप झालं असतं.

"नको सांगूस," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बस आली, तो चढला, आणि मी मागे फिरून बाबांना खोल्या बंद करायला मदत करायला गेले. तिसऱ्या शाळेत त्याचं काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही.