पाणी पिणारी जाकिटं

देवमनमामांच्या क्वार्टरमध्ये फरशीवर नकाशा पसरला होता. दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीहून धारणीला आलेली अपेक्षा, मामेभाऊ स्वप्निल आणि शेजारची करिश्मा, तिघं त्याच्यावर वाकून उद्याची आखणी करत होती. अभयारण्यातल्या तलावात कॅनूतून, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या होडीतून, पलीकडच्या नाल्याच्या तोंडापर्यंत जायचं आणि उन्हं कलायच्या आत परतायचं. मामांच्या शाळेतली मुलंही येणार होती. वनखात्याची परवानगी हातात होती. काठावर उतरायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, या अटी स्वप्निलनं पाठच केल्या होत्या.

होड्या पुरवणारे पंजाबराव, बुडू नये म्हणून होडीत घालतात ती जाकिटं ओसरीवर टाकून गेले होते. नवीन, नारिंगी, पण कुबट वासाची. अपेक्षानं आपलं जाकीट धुवायला हौदात टाकलं आणि ती जेवायला गेली. परत आली तर पाण्यावर काहीच नव्हतं. कुणी नेलं म्हणून तिनं इकडं तिकडं पाहिलं. मग हौदाच्या तळाशी नारिंगी रंग दिसला.

ओढून काढताना तिचे हात भरून आले. करिश्मानं शिवण उसवली. आत भांडी घासायला वापरतात तसला पिवळा स्पंज होता.

"हे तं पाणी पिते," करिश्मा हळूच म्हणाली.

त्यांनी आणखी दोन जाकिटं भिजवून पाहिली. आधी तरंगायची आणि मग हळूहळू खाली जायची.

पंजाबरावांनी ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं. माल नवा आहे, तुम्ही धुवून खराब केला, असं त्यांचं म्हणणं. मामाही म्हणाले, तो माणूस कितीतरी वर्षं हेच काम करतो, त्याला कळत असेल. स्वप्निल चिडला. जाकीट घालून आपणच उडी मारतो म्हणाला.

"माणसाच्या अंगावर घालून पाहायचं नाही," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज इतका कडक झाला की स्वप्निलनं उचललेलं जाकीट खाली ठेवलं.

सकाळी तलावाच्या काठी वनाधिकारी ललिता मॅडम आल्या. सगळी मुलं जाकिटं घालून उभी होती. पुढच्या होडीजवळ पंजाबरावांची धाकटी मुलगी पौर्णिमा होती. पोरींची शंका काय ती एकदाची मिटवू, म्हणत पंजाबरावांनी एक जाकीट पाण्यात भिरकावलं. ते छान तरंगलं. मुलं हसली. अपेक्षाचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. तिला हेच हवं होतं.

"काका, याला वीट बांधून थोडा वेळ राहू द्या ना. शेजारी मॅडमचं जुनं जाकीटही वीट बांधून ठेवू. तोवर मॅडम नियम सांगतील."

"राहू दे की," म्हणत पंजाबरावांनी स्वतःच गाठी मारल्या आणि दोऱ्या काठाच्या झुडपाला बांधल्या. दोन्ही जाकिटं तरंगत राहिली.

मॅडम बोलू लागल्या. प्राणी पाण्यावर कधी येतात, वारा सुटला तर काय करायचं, होडी उलटली तर तिला धरून कसं राहायचं. अपेक्षाला त्यातलं अर्धं ऐकूच आलं नाही. तिची नजर पाण्यावर होती. नारिंगी कड आधी तिरपी झाली. मग नुसता खांदा उरला. मग तोही गेला.

मॅडम बोलायच्या थांबल्या. पाण्यावर एकच जाकीट होतं, वनखात्याचं, उन्हानं विटलेलं. दुसऱ्याची दोरी सरळ खाली गेली होती.

पंजाबराव पौर्णिमाजवळ गेले आणि तिच्या जाकिटाचे पट्टे सोडू लागले. पट्टा सुटेना.

"मी मायाच पोरीले हे घालून बसवून रायलो होतो," ते म्हणाले. "स्वस्त भेटलं म्हणून आणलं. पाण्यात टाकून पाह्यलं नाई कदी."

मॅडमनी सफर थांबवली आणि सगळी जाकिटं ताब्यात घेतली. मामांनी अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "काल तुमचं ऐकायला पाहिजे होतं, बाई. माझंच चुकलं."

"परवानगी देताना मी होड्या तपासल्या, जाकिटं नुसती मोजली," ललिता मॅडम म्हणाल्या. "या तिघांनी तपासली. यापुढं प्रत्येक जाकीट वीट बांधून पाण्यात राहील, मगच होडी सुटेल."

सुट्टी संपायच्या आत चांगली जाकिटं आली. पंजाबरावांनी ती भल्या सकाळपासून पाण्यात ठेवली होती, आणि कुणी विचारायच्या आत ते स्वतः काठावर बसून त्यांच्यावर नजर ठेवून होते. उन्हं वर आल्यावर त्यांनी एकेक बाहेर काढलं, निथळू दिलं आणि पहिलं अपेक्षाच्या हातात दिलं.

"तू पाह्य बाई एकदा," ते म्हणाले. "मंग पोरं बसवतो."