निनावी क्रूसापाशी लावलेला दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक रुंद नदी आणा. मातकट, संथ पाणी. काठावर पानं झडलेली झाडं. आठ दिवस तुम्ही बोटीत राहिला आहात, म्हणून जमिनीवर उतरलात तरी पायाखालचं हलतंच आहे.

आली डोळ्यांसमोर? आता ऐका.

ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत ती घडली, ती व्रोनी माझ्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायची. गोष्ट रात्रीची नाही, दिवसाउजेडीची आहे. नोव्हेंबरचा पहिला रविवार. व्हिएन्ना शहराचं टोक, डॅन्यूबचा काठ.

व्रोनी तेव्हा नऊ वर्षांची होती. सोबत तिची आजी वाल्बुर्गा आणि आजीच्या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी, इर्मगार्ड आणि रोझविथा. बोटीची सहल त्या सकाळी संपली होती. घरी जायची गाडी संध्याकाळी होती. सामान स्टेशनवर ठेवलं आणि अख्खा दिवस मोकळा मिळाला.

"राजवाडे पुरे झाले," इर्मगार्ड म्हणाली. "आज मासेमार मंडळी बुडालेल्यांसाठी तराफा सोडतात. तो बघू."

"सुट्टीत दफनभूमी दाखवायला तूच नेणार!" रोझविथा कुरकुरली. "माझे पाय बघ, पावासारखे फुगलेत."

"आपल्या वयात जागा बघून ठेवावी गं."

आजी हसली. व्रोनीही हसली.

"तुला काय कळलं गं, शेंबडे?" इर्मगार्डने तिला टोकलं. आठही दिवस तेच चाललं होतं. हात धुतलेस का, चमचा असा धरतात का, आमच्या वेळी नव्हतं हो असं...

धान्याच्या उंच कोठारांमागे, बांधाखाली ती दफनभूमी आहे. पूर्वी नदी तिथे वळण घ्यायची आणि वाहून आणलेलं सगळं काठाला टाकायची. माणसंसुद्धा. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, ती तिथेच पुरलेली. काळे लोखंडी क्रूस, आणि पाटीवर एकच शब्द.

निनावी.

बँड वाजायला लागला. सगळे बांधावर चढायला लागले. मासेमारांनी फुलांनी मढवलेला तराफा पाण्यात ढकलला.

व्रोनी खालीच थांबली. प्रत्येक क्रूसापुढे लाल काचेचा दिवा होता. कुंपणाजवळच्या एका छोट्या क्रूसापुढे मात्र काहीच नव्हतं.

"आजी, इथे मी लावू?"

"लाव. आणि लगेच वर ये." आजीने पिशवीतला दिवा काढून दिला आणि ती बांधावर चढली.

व्रोनीने दिवा लावला. मग आजोबांच्या थडग्यापाशी करायची, तेच केलं. त्यांच्या गावची रीतच आहे. दिवा लावायचा आणि कोण आलंय ते सांगायचं. जमिनीतल्या माणसाला चेहरा दिसत नाही ना!

"नमस्कार. मी व्रोनी. दिवा मी लावला."

वारा नव्हता. तरी ज्योत क्रूसाकडे वाकली... आणि तशीच वाकून राहिली.

"नाव सांगितलंस?"

मागे पानं गोळा करणारा म्हातारा राखणदार उभा होता.

"हो. आजीने शिकवलंय."

"घरच्यांना सांगायचं असतं, पोरी. इथे नाही. यांच्याकडे तेवढंच नसतं."

तेवढ्यात बांधावरून आजीने हाक मारली. "व्रोनी!"

व्रोनीने तोंड उघडलं...

"आले!"

ती बोललीच नव्हती.

आवाज क्रूसाकडून आला होता. बारीक, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा.

आजीने मान डोलावली आणि ती चालायला लागली. एक हात मागे केलेला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा.

बसमध्ये आजीच्या शेजारची जागा रिकामी होती. व्रोनी बसायला गेली.

"तिथे व्रोनी बसलीय, बाळ," आजी म्हणाली. गोड बोलली. अनोळखी मुलांशी बोलतो तसं.

व्रोनीला वाटलं, थट्टा आहे.

पण आसन ओलं होतं.

कॉफीच्या दुकानात वेटरने तीन कॉफ्या आणल्या. चॉकलेटचा कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. खुर्चीखाली थेंब पडत होते. टप्... टप्...

"थंडी वाजते का गं, व्रोनी?" आजीने खुर्चीला विचारलं.

"नाही," खुर्ची म्हणाली.

"आजी! मी इथे आहे! मी व्रोनी!"

तिघी एकदम वळल्या. आजीच्या डोळ्यांत नुसती काळजी होती. ओळख नव्हती.

"हरवलीस का, बाळ? कुणाबरोबर आलीस?"

"लाडावलेलं कार्टं," इर्मगार्ड म्हणाली. "हिच्या आईबापांना शोधा कुणीतरी. आपली गाडी चुकेल."

आजी गाडीत बसणार होती. घरी जाणार होती. आणि व्रोनीच्या पलंगावर दुसरंच कुणीतरी झोपणार होतं.

याला नावच हवंय ना, तिच्या मनात आलं.

ती खुर्चीजवळ गेली. चिखलाचा वास आला. तिने वाकून, जिथे कान असेल तिथे, हळूच सांगितलं,

"व्रोनी माझं आहे. तू इर्मगार्ड घे."

घाबरून म्हणाली की रागाने, ते तिला अजून सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं.

टपटप थांबली.

"अगं व्रोनी, उभी काय?" आजी म्हणाली. "कोट घाल. चॉकलेट गार झालं बघ."

व्रोनीने आजीला घट्ट मिठी मारली. आजीला लव्हेंडरच्या साबणाचा नेहमीचा वास येत होता.

मग रोझविथाचा आवाज आला.

"बाई, ही जागा आमच्या मैत्रिणीची आहे. आपण दुसरं टेबल बघता का?"

ती इर्मगार्डशी बोलत होती.

इर्मगार्ड हसली. "म्हातारे, पायांबरोबर डोकंही सुजलं का?"

कुणीच हसलं नाही.

"चल इर्मगार्ड, निघू या," आजी त्या ओल्या खुर्चीला म्हणाली.

"हो," खुर्ची म्हणाली. आता तो आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

आजी आणि रोझविथा दाराकडे निघाल्या. मध्ये एका माणसापुरती जागा सोडून.

इर्मगार्ड खुर्ची धरून उभी राहिली. सहा दशकांची मैत्री दारातून बाहेर पडत होती.

"व्रोनी..." ती अगदी हळू म्हणाली. "या मला ओळखत का नाहीत गं?"

मुलांनो, दारात आजी हात पुढे करून उभी होती. "चल लवकर, गाडी सुटेल." व्रोनीला फक्त तो हात धरायचा होता. तुमच्यापैकी कितीजणांनी धरला असता, ते मी विचारणार नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी आजही नदीकडे फिरकत नाही. आणि वर्गात हजेरी घेताना एखाद्याचं उत्तर जरा लवकर आलं, तर मान वर करून बघतो.

व्रोनीने आजीकडे पाहिलं. कोटाची बटणं लावली.

मग ती मागे वळली, इर्मगार्डचा गार पडलेला हात धरला आणि म्हणाली, "चल मावशी. मी लावलेल्या दिव्यापाशी जाऊन तुझं नाव परत मागू. नदीवर जाणारी बस समोरच थांबते."