मावळतीआधीची गाडी

गाडी आली तेव्हा राजमतीच्या तोंडात घास होता.

निपाणीच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात पश्चिमेला एकच खिडकी. तिच्यापाशी ती जेवत बसली होती... भाकरी, दोडक्याची भाजी. उन्हाचा शेवटचा तुकडा टेबलावरून उतरून कपाटाकडं निघाला होता. आणि दारात एक उंच माणूस, पुस्तकांची पेटी छातीशी धरून.

"मॅडम, मी आदर्श. बेळगावहून आलोय. पेटी मिळाल्याची सही पायजे होती..."

तिनं नुसता हात वर करून त्याला थांबवलं. एक घास... आणखी एक... घाईनं पाणी प्यायली, डबा बंद केला, मग मान वर केली. सूर्य तंबाखूच्या शेतांमागं गेला होता.

"हं, बोला आता."

"रागावलासा काय?"

"न्हाय हो. दिवस बुडाला की आम्ही जेवत न्हाय. जैन हाय मी."

"आणि बोलता?"

"बोलायला कुठं सूर्य लागतोय!"

तो हसला. पेटी अजून छातीशीच होती. ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही, आणि 'ठेवा' म्हणायचं तिला.

सीमाभागातल्या काही कॉलेजांनी त्या वर्षी ग्रंथालयं जोडून घेतली होती. महागाचं पुस्तक एकानं घ्यायचं, सगळ्यांनी वाचायचं. नोंदी सगळ्यांच्या बेळगावात. दर मंगळवारी एक गाडी पुस्तकं घेऊन गावोगाव फिरणार आणि आदर्श ती सांभाळणार. तो खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. खर्च वाचत होता, हे खरं. पण वाचलेल्या खर्चात राजमतीच्या जोडीला ग्रंथालय सांभाळणाऱ्या जयाबाईंची जागाही होती. त्या रिटायर झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर कुणी आलं नाही. त्या होत्या तोवर दोघी मिळून जेवायच्या. आता आई सांगलीला, थोरल्या भावाकडं, अण्णाकडं. निपाणीच्या घराला दिवसभर कुलूप. राजमती सकाळीच दोन डबे भरून आणायची आणि संध्याकाळचंही इथंच उरकायची. एकटीचा डबा लवकर संपायचा. एकटीची संध्याकाळ मात्र संपता संपायची नाही.

पुढच्या मंगळवारी सूर्य चांगला हातभर वर होता, तेव्हाच गाडी आली.

"ऊटा आयता, मॅडम?" ड्रायव्हर भावकू खिडकीतून ओरडला. "जेवण नसंल झालं, तर आमच्या सायबांनी डबा आणलाय!"

आदर्शनं डबा उघडला. कांद्याचा घमघमाट उठला, तशी राजमतीनं खुर्ची किंचित मागं घेतली.

"का हो?"

"कांदा, लसूण, बटाटा... जमिनीखालचं आम्हाला चालत न्हाय."

"मग माझं काय चालंल?"

"भात बरा दिसतोय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानंतर त्याच्या डब्यात कांदा आला नाही. कधी काकडीची कोशिंबीर, कधी वालाची आमटी.

"आई इचारती, उपास कुणाचा रं?"

"मग? काय सांगितलासा?"

"म्हटलं, माझाच. मंगळवार ते मंगळवार..."

ती हसली नाही. पण हातातली भाकरी हातातच राहिली.

दसरा गेला, दिवाळी गेली. दिवस आखूड झाला, तसा मंगळवारही. गाडी आणखी लवकर येऊ लागली. "मॅडम," भावकू एकदा म्हणाला, "आमचे सायब घड्याळ बघत न्हाईत. सूर्य बघून गाडी हाणायला लावतात!"

हे कसं जमत होतं, ते तिला कॉलेजांच्या गटाच्या बैठकीत कळलं. बैठक कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती, चौकटीचौकटीत एकेक चेहरा. गाडीची ठरलेली वाट आधी संकेश्वर, मग चिकोडी, शेवटी निपाणी. आदर्शनं ती उलटी फिरवली होती. हमरस्त्यानं थेट निपाणी. परतताना चिकोडीच्या ग्रंथालयाला कुलूप. तिथल्या एका मुलीला परीक्षेआधी पुस्तक मिळालं नाही, म्हणून तिनं तक्रार केली होती.

"वाट का बदलली?" अध्यक्षांनी विचारलं.

"चूक माझी हाय," आदर्श म्हणाला.

राजमतीनं आपल्या चौकटीतला माईक बंदच ठेवला.

मग ठरलं. गाडी, ड्रायव्हर, वर एक माणूस... कशाला? नव्या महिन्यापासून पुस्तकं कुरिअरनं जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनंही. खर्च वाचतोय त्याला नको कसं म्हणायचं?

म्हणजे पुस्तकं येत राहणार होती. माणूस येणार नव्हता. काही बोलायचं तर येत्या, शेवटच्या मंगळवारीच.

त्या मंगळवारी ती खिडकीपाशी बसली. आज गाडी ठरलेल्या वाटेनं, चिकोडी करून येणार, उशीर होणार, तिला ठाऊक होतं. डबा उघडला. घास मोडला... परत ठेवला. ऊन टेबलावरून उतरलं, कपाटावर चढलं, विझलं. तिनं डबा तसाच बंद केला.

दिवे लागल्यावर तो आला.

"चिकोडीच्या पोरीच्या हातात पुस्तक देऊन आलो," पेटी खाली ठेवत म्हणाला. "तुम्ही जेवलासा न्हवं?"

"न्हाय."

"अहो, दिवस कवाच बुडालाय!"

"व्हय."

"मग आता... सकाळपर्यंत?"

"सकाळपर्यंत."

"का पण?"

दुपारभर तिनं किती वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना.

"तुमच्याबिगर घास तोंडाकडं जाईना," ती म्हणाली. "सांगितलं. हसायचं तर हसा."

तो हसला नाही. त्यानं पिशवीतून डबा काढून तिच्या डब्याशेजारी ठेवला. झाकण न उघडताच.

"तुम्ही जेवा की. तुम्हाला काय बंधन?"

"काल नव्हतं."

बाहेर भावकूनं हॉर्न वाजवला. "सायब, बेळगाव लई लांब हाय!"

"अण्णाला सांगावं लागंल," ती हळूच म्हणाली. "ऐकायचा न्हाय तो. एकदा सोडा, धा वेळा न्हाय म्हणंल."

"मग अकराव्यांदा सांगू. दोघं मिळून." तो दारापर्यंत गेला, वळला. "सकाळी कवा जेवता?"

"सूर्य उगवून घटकाभर झाली की."

"उद्या गाडी न्हाय."

"ठाव हाय..."

"पहिल्या एसटीनं येतो."

गाडी गेली. राजमतीनं दिवे मालवले, कुलूप लावलं. थंडीत तंबाखूचा उग्र वास भरून राहिला होता. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं नाही, आणि घरी दार उघडायलाही कुणी नव्हतं. पोटात भूक होती.

तिनं परात पुढ्यात ओढली. उद्याचे तांदूळ निवडायला एक मूठ घेतली... थांबली... आणि दुसरीही घेतली.