जागल

कुंदा गेल्याचं कळलं, त्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. अनंत शिरधनकर जागा झाला तेव्हा छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून पाणी पडत होतं. तो हळूहळू उठला, हातपाय चोळले, भिंतीला धरून चुलीपर्यंत गेला आणि पेज टाकली. शेजारच्या खाटेवर त्याची बायको कुंदा होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण हाक मारली नाही. ज्याची त्याला जाग येऊ द्यायची, मध्ये हाक मारायची नाही, असा तिथला नियम होता.

पेज झाली, निवत आली. तेवढ्यात शेजारचा हरेश पालशेतकर दार ढकलून आत आला.

"काय काका, शिमग्याला सोंग कुठलं? असेच उभे राहा, अस्वल म्हणून चालून जाल. आणि काकी अजून लोळतायत? उठा म्हणावं. आमच्या आयेनं तर अख्ख्या वाडीला शिव्या घातल्यासुद्धा."

तो हसत कुंदाच्या खाटेशी गेला. तिच्या पायाला हात लावून थांबला. मग परत आला आणि पेजेच्या टोपावर त्यानं झाकण ठेवलं.

तेव्हा अनंतला कळलं.

गावाचं नाव नवं कारवणे. जुनं कारवणे कोकणात होतं. ते समुद्राखाली गेल्यावर सरकारनं तिथल्या लोकांना हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात जमीन दिली. उन्हाळा चांगला होता. सफरचंदं येत, राजमा येई. पण हवामान बदललं तशी पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं दरवर्षी जास्त जोरात येऊ लागली. पहिल्याच वादळात विजेच्या तारा तुटायच्या, रस्ता बंद व्हायचा, आणि दोन्ही सुरू व्हायला फाल्गुन उजाडायचा. झाडं तोडून जाळावीत तर झाडंच थोडी. पहिल्या दोन हिवाळ्यांत बरीच माणसं थंडीनं गेली. त्यांतली बहुतेक म्हातारी आणि मुलं होती.

मग मंदझोप आली. तिथल्या डोंगरात बिळात राहणारी काही जनावरं हिवाळाभर झोपतात. त्यांचं शरीर थंड पडतं, हृदय मिनिटाला चार-पाच वेळाच हलतं, आणि अंगावरच्या चरबीवर ती वसंतापर्यंत निभावतात. हे त्यांच्या रक्तातल्या ज्या द्रव्यामुळे होतं, तसंच द्रव्य शास्त्रज्ञांनी माणसासाठी बनवलं. वादळाची सूचना आली की तीन दिवस तूप, सुकामेवा, मासळी भरपूर खायची, इंजेक्शन घ्यायचं आणि पडायचं. झोपलेल्या माणसाला जाग्या माणसाच्या एक दशांश ऊब पुरते. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या एका बॅटरीवर एका ओळीतली तीन घरं हिवाळा काढू शकत. वीज गेली काय, राहिली काय, झोपलेल्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

गावात मंदझोपेचं काम डॉ. नीरजा केळसकर बघायची. ती याच गावात वाढलेली, अनंतच्या ओळीत तिसऱ्या घरात राहणारी. कुंदाच्या बोटाला लावलेल्या नाडीपट्टीतली नोंद तिनं पडद्यावर उघडली होती. अनंत समोर बसला.

"भटजी तिथी विचारतात," तो म्हणाला. "कधी गेली तेवढं सांग."

"काका, जाग्या माणसाचं हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत सगळं आटपतं. थंड शरीराचं तसं नाही. त्याला प्राणवायू अगदी थोडा लागतो, म्हणून मरणसुद्धा सावकाश येतं. हे बघा. काकींचे ठोके मिनिटाला चार होते. मग दोन. मग एक. मग पाच मिनिटांत एक. पट्टीला वाटलं, गाढ झोप आहे."

"म्हणजे कधी?"

"एक क्षण दाखवता येत नाही. इथून इथपर्यंत सगळा तोच काळ. नऊ दिवस. पहिल्या दिवशी कोणी ऊब देऊन उठवलं असतं, तर काकी नक्की उठल्या असत्या. नवव्या दिवशी नसत्या उठल्या. मधे कुठल्या दिवशी उशीर झाला ते मला माहीत नाही. ते कोणालाच काढता यायचं नाही."

अनंत त्या रेषेकडे बघत राहिला.

"मी हातभर अंतरावर होतो," तो म्हणाला.

"तुम्हीही झोपलेले होता." नीरजानं नोंद मागे सरकवली. "पडायच्या आधी नीट जेवल्या होत्या का?"

"संकष्टी होती त्या दिवशी. वादळ लवकर आलं, झोपायचा भोंगा झाला. चंद्र बघून जेवते म्हणाली. पंचांगातली वेळ झाली, पण इथे चंद्र डोंगरामागून वर यायला उशीर लावतो. त्यात आभाळ भरलेलं. शेवटी इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा एक लाडू खाल्लान आणि पडली."

"आदल्या दोन दिवशी?"

"उपासाच्या आधी पोट जड नको, म्हणून बेताचंच."

नीरजानं पडदा बंद केला.

भटजींनी जाग येण्याचा दिवस हीच तिथी धरली. गावात मंदझोपेत वारलेल्या सगळ्यांची तिथी तीच होती. त्या दिवशी अकरा घरांत एकदम पानं वाढली जायची, आणि घास ठेवला की कावळे पुरायचे नाहीत. कित्येक वर्षांत हिवाळ्यात कोणी कोणाला मरताना पाहिलं नव्हतं. कोणाच्या तोंडात कोणी पाणी घातलं नव्हतं. मरणं कमी झाली होती, हेही तितकंच खरं होतं.

पुढल्या कार्तिकात ओळीतली माणसं नीरजाकडे बॅटरीचं बघायला जमली. अनंत म्हणाला, "मी या वर्षी झोपणार नाही. कोकणात पीक तयार झालं की रानडुकरांसाठी रात्रीची जागल करायचो. तशी करीन. रोज सगळ्यांच्या नाड्या बघीन."

"काका, एक जागा माणूस दहा झोपलेल्यांची ऊब खातो," नीरजा म्हणाली. "अन्न वेगळंच."

"गोधड्यांत बसेन. सुके सोडे आहेत, तांदूळ आहेत. मला काय लागतं?"

नीरजानं आकडेमोड करून पाहिली. "एक जागा माणूस हिशेबात बसतो. फाल्गुनापर्यंत दुसराही कसाबसा बसेल."

"दुसरा कोण?"

"तुम्ही ज्याला उठवाल तो. एकदा तापवायला घेतलं की माणूस पुरताच उठवावा लागतो, अर्ध्यावर सोडला तर जातो. त्या उठवण्यालाच खूप ऊब खर्च होते. आणि त्या हिवाळ्यात त्याला परत झोपवता येत नाही. मग तोही खाणार, तोही ऊब घेणार."

"आणि तिसरा?"

"तिसरा बसत नाही. बॅटरी संपेल. मग जे झोपलेत ते गोठतील, आणि लहान शरीर सगळ्यात आधी." तिची सहा वर्षांची सावनी बापाच्या मांडीवर बसून शेंगदाणे खात होती. त्या दोघांकडे न बघता ती हे म्हणाली.

"बसू दे गं काकांना," हरेश म्हणाला. "मला तर उठवायचीसुद्धा गरज नाही. मी बोहल्यावरही झोपलो असतो, म्हणून तर मला कोणी मुलगी दिली नाही."

"मेल्या, जीभ आवर," त्याची आई बायजी म्हणाली. मग अनंतकडे वळली. "बस हो अनंता. कोणीतरी बघतंय एवढं कळलं तरी झोप बरी लागेल."

वादळ पौषात आलं. पाचही जणांना अनंतनं पोटभर जेवायला घातलं आणि त्यांनी इंजेक्शनं घेतली. दुसऱ्या दिवशी वीज गेली.

त्याला काम भरपूर होतं. तीन घरांच्या दारांना त्यानं दोर बांधला होता. तो धरून तो जायचा, फावड्यानं दारापुढचं बर्फ काढायचा, हवेच्या नळ्या मोकळ्या करायचा, छपरावर भार वाढला की शिडीवरून बर्फ ओढून पाडायचा. मग प्रत्येक खाटेशी बसून नाडी बघायचा. बसल्याबसल्या बोलायचा. हरेशला सांगायचा, "तुझ्या खिडकीशी कोल्हा येऊन गेला रे. स्थळ घेऊन आला असेल." परत आला की सोड्यांचं कालवण आणि भात. कुंदाची खाट त्यानं चुलीजवळ आडोशाला उभी केली होती, कारण छोट्या जागेत ऊब लवकर धरते.

पौष संपताना बायजीची नाडी उतरली. चाराची दोन झाली, दोनाची एक. अनंतनं दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. त्यानं बॅटरीची कळ फिरवली, तापलेल्या पिशव्या तिच्या काखेत आणि पोटाशी ठेवल्या, चमच्यानं साखरेचं पाणी दिलं, तळवे चोळले. दुपारपर्यंत ओठांना रंग आला. तिनं डोळे उघडले.

"शिमगा आला?"

"नाही. मधेच उठवलं तुला."

"का? मरत होते काय?"

"हो."

ती कोपर टेकून उठायला लागली. "मग पेज घाल," ती म्हणाली.

त्या दिवशी अनंत बऱ्याच महिन्यांनी हसला. बायजी त्याच्या घरात राहायला आली. तिनं चूल ताब्यात घेतली, त्याच्या भाताला नावं ठेवली, जुन्या कारवण्यातली कोणाकोणाची लग्नं मोडली ते सांगितलं. तिचे हात गरम होते. जेवताना अनंत ते हात बघत असे.

नंतरच्या आठवड्यात हरेशची नाडी उतरली.

जेवणात काही चुकलं नव्हतं. पस्तिशीचा धडधाकट माणूस. काही शरीरांना मंदझोप मानवत नाही, आणि ती कुठली, हे आधी सांगता येत नाही. ठोके मिनिटाला चारवरून दोनावर आले. अनंत बॅटरीपाशी गेला. काट्याकडे बघून त्यानं हिशेब केला, पुन्हा केला. नीरजानं सांगितलं होतं तेच येत होतं, तिसरा बसत नव्हता. बाहेरच्या तापमानाचा काटा उणे पंचवीसवर होता. वादळ लवकर सरलं असतं, रस्ता लवकर उघडला असता, तर हिशेब बदलला असता. पण पश्चिमेला ढग दाटलेलेच होते.

तो तिसऱ्या घरात गेला. नीरजा आणि तिचा नवरा आपापल्या खाटेवर, मध्ये सावनी. तिघांच्या नाड्या ठीक होत्या. नीरजाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारण्यासाठी तिला उठवावं लागलं असतं. सावनीची गोधडी सरकली नव्हती, तरी त्यानं ती गळ्यापर्यंत ओढली.

गावानं जागल ठेवण्याची पद्धत का पाडली नाही, ते त्याला आता कळलं. सगळे झोपलेले असले की जो जातो तो जातो. कोणाला कोणाच्या बाजूनं ठरवावं लागत नाही. नीरजाला हे माहीत असणार. ती त्याला आकड्यांत सांगत होती आणि तो सोड्यांचं बोलत होता.

तो घरी आला. बायजीनं पान वाढलं.

"पोर कसा आहे?"

"झोपलाय."

"ऊब आहे ना त्याला?"

"आहे."

"त्याला थंडी सोसत नाही रे लहानपणापासून," ती म्हणाली आणि त्याच्या भातावर कालवण वाढलं.

अनंतला कुंदाचे नऊ दिवस आठवले. ते त्याच्या झोपेत निघून गेले होते. हरेशचे दिवस तो जागा राहून मोजणार होता. दुसऱ्या दिवशी दोर धरून तो हरेशकडे गेला. दारापुढचं बर्फ काढलं, नळी मोकळी केली, खाटेशी बसला आणि त्याचा हात हातात घेतला. एक ठोका आला. पुढचा यायला मिनिटभर लागलं.

बायजीला त्यानं अजून सांगितलेलं नाही. हरेशला अजून उठवलेलं नाही.