सातवी जोडी

मातीचा ठोकळा प्रयोगशाळेच्या दारातून आत जाईना. दार दोन बोटं कमी पडलं. मापं मीच कळवली होती आणि बिजागऱ्यांची जाडी धरायची राहून गेली होती, त्यामुळे सुताराने दार उतरवेपर्यंत सगळ्यांनी माझी मनसोक्त थट्टा केली. ताई सगळ्यांत पुढे. "हिला केसाएवढा ओरखडा दिसतो, एवढं मोठं दार दिसत नाही," असं ती म्हणाली, आणि मजूरही हसले.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आणि या उत्खननाची प्रमुख. मी संग्रहालयात धातूच्या जुन्या वस्तू साफ करते आणि जपते. आमच्यात बारा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तेव्हापासून माझी वेणी, माझा अभ्यास, माझं दुखणंखुपणं सगळं ताईने पाहिलं. दोघींनीही लग्न केलं नाही, एकाच घरात राहतो. लोकांना खोटं वाटतं, पण आम्ही कधी भांडलो नव्हतो. रुसलो असू, चिडलो असू, पण भांडण असं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्यात माझं जे काही पणाला लागलं ते एवढंच होतं.

ठोकळ्यात ब्राँझची हत्यारं होती. पाण्याची पाइपलाइन टाकताना खड्डा लागला. तीन हजार वर्षांपूर्वी, शंभरेक वर्षं इकडेतिकडे, कुणीतरी ती त्यात नीट रचून पुरली होती. जागेवर एकेक काढण्याऐवजी ताईने ती आजूबाजूच्या मातीसकट प्लास्टरमध्ये बांधून आणली, म्हणजे मला टेबलाशी बसून सावकाश मोकळी करता यावीत. एक्स-रेत अठरा दिसत होती. तलवारी, भाल्यांची पाती, कुऱ्हाडी. सगळी दोन-दोन करून ठेवलेली.

पहिल्या जोडीत एक तलवार आणि एक कुऱ्हाड होती. तलवारीच्या धारेला खोल खाच होती आणि कुऱ्हाडीचं पातं त्या खाचेत बसवलेलं होतं. नुसतं टेकवलेलं नाही, अगदी बसवलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खाच त्याच कुऱ्हाडीने पाडलेली होती, कडेचा बारीक दातरासुद्धा जुळत होता. मी ताईला बोलावून दाखवलं.

"एकमेकांवर चाललेली हत्यारं," ताई म्हणाली. "भांडण मिटल्यावर दोघांची एकत्र पुरली असतील. अंदाज आहे हं, पुरावा नाही. लिहू नकोस कुठे."

मी फोटो काढून घेतले आणि जोडी सोडवली. आमच्याकडे वस्तू प्रकाराप्रमाणे लावतात. तलवारी तलवारींच्या खणात, कुऱ्हाडी कुऱ्हाडींच्या. जगात सगळीकडे असंच लावतात, नाहीतर एका ठिकाणची तलवार दुसऱ्या ठिकाणच्या तलवारीशी ताडून पाहणार कशी? पाती सुटताना बरणीचं घट्ट झाकण निघावं तसा बारीक आवाज आला. सोमवार, अकरा चाळीस. प्रत्येक वस्तू हलवल्याची वेळ मी वहीत लिहिते, तशी लिहिली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नोंदणी विभागातल्या बाईंनी आमच्या फोटोग्राफरच्या हातावर स्टीलची पट्टी मारली. सपाट नव्हे, धारेने. पाच टाके पडले. या दोघांनी पंधरा वर्षं एकाच डब्यात जेवण केलेलं. बाई इतक्या नाकासमोर चालणाऱ्या, की टेबलावरची पेन्सिल तिरकी झाली तरी त्यांना चैन पडत नाही. मी त्यांना विचारलं, का मारलंत?

"काय माहीत," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. "त्याने आधी माझ्याकडे बघितलं."

बुधवारी दोन जोड्या सोडवल्या. दुपारी आवारात आमच्या एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या अंगावर गाडी घातली. दोघे एकमेकांचे साडू, लेकरांसकट एकाच बिऱ्हाडात राहणारे. दुसऱ्याने कट्ट्यावर उडी मारली म्हणून वाचला. चौकशीत पहिला शांतपणे म्हणाला, की आज नाही तर उद्या यानेच घातली असती. दुसऱ्याला विचारलं तर तोही हो म्हणाला.

तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. चाळीस माणसांची इमारत, उन्हाळा, बंद पडलेले पंखे. माणसं कावतात. आणखी तीन जोड्या काढल्या. त्या, आणि बुधवारची दुसरी, कुणाच्या वाट्याला गेल्या ते मला आजही ठाऊक नाही.

सातव्या जोडीत दोन तलवारी होत्या. पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वीसला त्या वेगळ्या केल्या. ताईला अहवालासाठी धातूचं पृथक्करण घाईने हवं होतं, म्हणजे तांबं किती, कथिल किती. त्यासाठी चिमूटभर धातू काढावा लागतो. नियम असा, की तो मुठीच्या आतून, न दिसणाऱ्या जागेतून काढायचा. पण मुठीत कळंक, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, खोलवर गेला होता, आणि खाचेत धातू अगदी स्वच्छ होता. एकीची धार दुसरीच्या खाचेत तीन हजार वर्षं घट्ट बसल्यामुळे तिथे हवा-पाणी शिरलंच नव्हतं. मी खाचेच्या दोन्ही कडा तासून घेतल्या. इतका चांगला नमुना वर्षात मिळाला नव्हता, आणि मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळपर्यंत तो आम्लात विरघळवूनही झाला.

त्या आठवड्यात ताई गप्प होती. शनिवारी आम्ही दोघी घरी होतो. दुपारी ती तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. एकतीस वर्षांत ताईने माझ्यासमोर कडी लावली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. ती नेमकी कुठे आहे हे आता कळतंय, म्हणून मला बरं वाटलं.

स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि कितीतरी वेळ हात धूत उभी राहिले. माझाच तो विचार होता, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता.

सोमवारी वही आणि तक्रारींची फाइल शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. मग कुणालाही न सांगता पहिल्या जोडीची तलवार आणि कुऱ्हाड खणांतून काढली आणि पातं पुन्हा खाचेत बसवलं. बारा दहा झाले होते. साडेबाराला मी कॅन्टीनमध्ये गेले, तर नोंदणीवाल्या बाई फोटोग्राफरला दटावत होत्या, की हाताची पट्टी ओली करू नकोस, आणि आपल्या डब्यातलं त्याला वाढत होत्या. तो म्हणाला, "मारलं कुणी आणि दटावतंय कोण," आणि दोघंही हसले.

खरं तर पडताळणीसाठी जोडी पुन्हा सोडवून पाहायला हवी होती. माझी छाती झाली नाही. संध्याकाळपर्यंत सहा जोड्या पहिल्यासारख्या लावल्या, आणि ठोकळ्यात उरलेल्या दोन तशाच ठेवून वर ओली माती थापली. दोघे साडू दुसऱ्या दिवशी एकाच स्कूटरवरून आले.

सातवी बसेना. तासलेल्या खाचेत धार टेकायची आणि घसरायची.

मी ताईला प्रयोगशाळेत बोलावलं. सगळं सांगितलं, तारखा दाखवल्या. मला वाटलं ती हसेल, निदान रागावेल तरी. तिने दारापाशीच उभं राहून ऐकून घेतलं.

"ताई, ही जोडी आपली आहे."

"कधी सोडवलीस?"

"मंगळवारी. अकरा वीस."

"हं," ती म्हणाली. "मला साडेअकराला कळलं."

"काय कळलं?"

"की तू डावखुरी आहेस, हे मी विसरता कामा नये."

तिचे डोळे भरले. "काहीतरी कर गं," ती म्हणाली. "एवढं सगळ्या जगाचं सांधतेस, हेही सांध." मी तिच्याजवळ जायला एक पाऊल टाकलं, आणि ती एक पाऊल मागे सरकली. मला भीती वाटत होती आणि माझा तिच्यावर जीव होता. दोन्ही एकाच वेळी, आणि एकामुळे दुसरं तसूभरही कमी होत नव्हतं.

जुन्या फोटोंवरून मी खाचेच्या कडा राळेत घडवल्या. तीन दिवस लागले. असं काम मला पुन्हा जमणार नाही. धार बसली आणि हलेनाशी झाली. सकाळी पाहिलं तर दोन तलवारी चार बोटं अंतरावर पडलेल्या होत्या. राळ शाबूत होती. पुन्हा बसवल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वर सुती पट्टी बांधून गाठ मारली. सकाळी पट्टी कापलेली नव्हती, नुसती सोडून बाजूला घडी करून ठेवलेली होती. कपाटाची किल्ली एकच आहे आणि ती माझ्या गळ्यात असते.

ताई गेस्टहाऊसवर राहायला गेली. जाताना म्हणाली, "जेवत जा वेळेवर." बॅग दोन्ही हातांनी धरून ती जिना उलट्या पावलांनी उतरली, म्हणजे माझ्याकडे पाठ होऊ नये.

वेगळं राहून फरक पडला नाही. उलट ती काय करत असेल ते मला जास्त स्पष्ट दिसायला लागलं. ती जेवताना कशी बसते, मान कुठल्या बाजूला कलते. उजव्या खांद्याचं तिचं जुनं दुखणं. हात डोक्याच्या वर जात नाही तिचा. हे मी कधीपासून मनात टिपून ठेवत होते कोण जाणे.

मी रजा टाकली. बदलीचा अर्ज लिहिला. अर्ज घेऊन आज सकाळी नऊला कार्यालयात आले, पण पाय आधी भांडाराकडे वळले.

गळ्यातली किल्ली जागेवर होती. कपाट उघडं होतं.

सातव्या जोडीच्या ट्रेमध्ये एकच तलवार होती.

वस्तू बाहेर नेणाऱ्याने दारापाशीच्या वहीत सही करायची असते. आठ चाळीस. तलवार, एक. कारण: अभ्यास. खाली ताईचं ठसठशीत अक्षर.

परतीच्या तारखेचा रकाना तिने मोकळा सोडला होता.

मी दुसरी तलवार उचलली. मूठ आखूड आहे, पुरुषाच्या हातात मावली नसती. माझ्या डाव्या हातात ती नीट बसली. उजव्या हाताने मी खालच्या ओळीत सही केली, अक्षर जरा वेडंवाकडं आलं. परतीच्या रकान्यात मीही काही लिहिलं नाही.

ताई मागच्या अंगणात होती. एकटीनेच तिने बाकं, कुंड्या आणि सायकली भिंतीकडे सरकवून मधली जागा मोकळी केली होती. ती पूर्वेकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी होती. माझ्यासाठी तिने ऊन डोळ्यांत येणार नाही ती बाजू ठेवली होती.