आडवा टाका

कुठं जायचं ठरलं की लोक आधी बघायच्या जागा काढतात. मी आधी झोपायची जागा काढते. दिवसभर माणूस बसमध्ये उभ्यानं जाईल, पण रात्री पाठ टेकायला धड गादी नसली तर दुसऱ्या दिवशी त्याला डोंगरसुद्धा मातीचा ढिगारा वाटतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा मी बागा, संग्रहालयं, धबधबे बाजूला ठेवले आणि बसस्टँड शोधायला लागले. मी अक्षरांखाली बोट धरून वाचते. चाळिशी उलटल्यावर शिकले, ती सवय राहिली.

"नकाशा वाचतेस की मुंग्या मारतेस?" समोर वाटाणे सोलत बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच चाललंय हे."

"मग जरा हात उचल. माझं म्हातारपण संपत आलं."

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दोघींचे नवरे गेले आणि एका घरात आम्ही दोघी आणि त्यांचा मुलगा उरलो. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा घराकडं यायचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, "काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवून घ्या." जाऊबाईंनी जन्मात शहर पाहिलं नव्हतं, आणि डोंगर फक्त कॅलेंडरवर.

पुतण्या तयार नव्हता. खूप मिनतवाऱ्या केल्यावर म्हणाला, "जा काकू. पण आईला जशी नेताय तशी परत आणा. बाकी मला काही नको."

मी शब्द दिला.

ठरवाठरवी मला आवडते. स्टेशनसमोरची लॉजं महाग, आणि रात्रभर कर्ण्याचा आवाज. तिथून दोन थांबे पुढं, भाजीबाजाराच्या मागं, फक्त बायकांसाठी एक लॉज सापडलं. न्हाणीघर सामायिक, पण गादी कापसाची. शनिवार-रविवार टाळला की भाडं उतरतं. शहरात रिक्षा करायची नाही, दिवसाचा बसपास काढायचा आणि गोल फिरणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसायचं. कंटाळा आला तर उतरायचं, पाय दुखले तर परत चढायचं. तिथून डोंगराकडं जायला जलद गाडी होती, पण मी गावोगाव थांबणारी बस निवडली. स्वस्त पडते, आणि म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक थांब्यावर पाय मोकळे करता येतात. डोंगराच्या पायथ्याला एका शेतकरी बाईकडं खोली मिळत होती. फळांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गेलं तर अर्ध्या भाड्यात, वर चहापाण्याला चूल वापरायची मुभा. थांब्यापासून घरापर्यंत दुधाची गाडी सोडते, ते फुकट.

शहरातल्या लॉजला फोन केला तेव्हा तिथली बाई म्हणाली, "वरची खोली ना? नेहमीची?"

"आम्ही पहिल्यांदाच येतोय."

"असं का? बरं बरं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. सगळ्या गिऱ्हाइकांशी अशीच लाडीगोडी करत असेल, असं मी धरून चालले.

निघायच्या आदल्या दिवशी मी जाऊबाईंच्या कपड्यांना खुणा घातल्या. हे माझं जुनं काम. मी रुग्णालयाच्या लाँड्रीत आयुष्य काढलं. तिथं आम्हा बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या कपड्याच्या कोपऱ्यात दोऱ्याची खूण असायची. घरचे कपडेही मी तिथंच धुऊन आणायचे, तेव्हा आमच्या घराची खूण मी ठरवली होती. निळ्या दोऱ्यानं दोन उभे टाके आणि एक तिरका. मी डावरी असल्यामुळं माझा तिरका टाका इतरांपेक्षा उलट्या बाजूला झुकतो, आणि मागची गाठही उलटी पडते. ढिगाऱ्यातून माझी खूण मी डोळे मिटून बोटांनी काढायचे.

आणखी एक टाका होता. वॉर्डातला माणूस गेला की त्याच्या कपड्यांवर, खुणेच्या वरून, एक आडवा टाका घालायचा. म्हणजे हा कपडा परत वॉर्डात पाठवायचा नाही. घालणारं माणूस आता तिथं नाही.

"मला काय धुवायला टाकतेस का?" जाऊबाईंनी स्वेटरचा कोपरा उलटा करून बघितला.

"तुम्ही काही विसरलात तर लोक परत आणून देतील."

"आणि मीच राहिले तर? मला कुठं टाका घालशील?"

आम्ही दोघी हसलो.

शहरातलं लॉज सांगितल्यासारखंच निघालं. अरुंद जिना, लोखंडी कॉट, खिडकीखाली चपला शिवणाऱ्याची टपरी. त्याच्या हातोडीचा ठोका खोलीत ऐकू यायचा. उशाशी घडी करून टॉवेल ठेवले होते. मी तोंड पुसायला एक उचलला आणि सवयीनं कोपरा चाचपला.

दोन उभे, एक तिरका. उलटा झुकलेला. गाठ उलटी.

मी तो उजेडात नेला. दोरा निळा होता. आमच्या रुग्णालयाचा जुना माल लिलावात विकतात, हे मला ठाऊक होतं. घरचा एखादा टॉवेल तेव्हा चुकून तिकडं गेला असेल, तिथून इकडं आला असेल. असं होऊ शकतं. फक्त टॉवेल नवा होता, त्याची खळसुद्धा गेली नव्हती.

जाऊबाईंना मी काही बोलले नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. त्या खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "आज त्याचा मुलगा नाही वाटतं टपरीवर."

"कुणाचा मुलगा?"

"असतो एक." आणि त्या कॉटवर आडव्या झाल्या.

शहर मात्र छान झालं. बसमधून त्यांनी पूल बघितला, मोठं घड्याळ बघितलं, दुकानाच्या काचेतला सगळ्यात महाग कोट बघून "एवढ्यात तर मी म्हैस घेईन" म्हणाल्या. परतताना मी थांबे मोजत नावांच्या पाट्या वाचत होते, तेवढ्यात त्या उठल्या, दांडी धरून दाराशी गेल्या आणि बरोबर आमच्या थांब्यावर उतरल्या. गल्लीची वळणं त्यांनीच घेतली. ज्या बाईला स्वतःचं घर सापडत नव्हतं, ती माझ्यापुढं चालत होती. मला आनंदच झाला. म्हटलं, हवापालट मानवला.

डोंगराकडची बस सावकाश गेली. प्रत्येक गावाबरोबर जाऊबाईंचा चेहरा उजळत होता. कुठल्या मावशीच्या लग्नात पाऊस पडला, दिरांनी पहिल्या पगारातून काय आणलं, पुतण्याला गोवर कधी आला, सगळं त्या ओळीनं सांगू लागल्या. मला आठवत नव्हतं तेही. मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस ना, तेव्हा तुझ्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. एक तुझी, एक तुझ्या आईची. मी कुणाला सांगितलं नाही."

ते खरं होतं. आम्हा दोघींशिवाय ते जगात कुणालाही माहीत नव्हतं.

दुधाच्या गाडीनं आम्हाला दारात सोडलं. दगडी पायऱ्या, लांब ओसरी, मागं फळझाडं आणि त्यांच्यावर डोंगर. घरमालकीण रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई होती. तिनं आम्हाला खोली दाखवली. दोन कॉट, मध्ये स्टूल, भिंतीला खुंट्या. खोलीत धुतल्या कपड्यांचा वास होता. तो वास मी आयुष्यभर अंगावर घेऊन घरी गेले आहे.

मी उशीच्या अभ्र्याचा कोपरा बघितला. मग चादरीचा. मग पांघरुणाचा, पडद्याचा, पाय पुसायच्या फडक्याचा.

सगळीकडं माझी खूण होती.

संध्याकाळी ओसरीवर मी घरमालकिणीला विचारलं, "हे टाके कुणी घातले हो?"

ती तांब्यात दूध ओतत होती. तिनं हात थांबवला. "थट्टा करता का?"

"नाही. खरंच विचारते."

"तुम्हीच की. त्या तिथं खांबाला टेकून बसला होतात. डाव्या हातानं शिवणारं माणूस विसरतं का कोण?"

"मी इथं कधी आले नाही, बाई."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग खोलीकडं बघितलं, जिथं जाऊबाई कॉटवर बसून वेणी घालत होत्या. आवाज उतरवून ती म्हणाली, "तेव्हा एकट्याच होतात. मीच म्हटलं, दोन कॉट कशाला अडवता? तर तुम्ही म्हणालात, दुसरी लागेल."

मी दूध तसंच ठेवलं.

खोलीत येऊन मी पिशवी भरायला घेतली. "जाऊबाई, उद्या सकाळी निघू या आपण."

"का गं? आत्ता तर आलो."

"मला बरं वाटत नाही."

"खोटं बोलताना तू नाक ओढतेस. पहिल्यापासून." त्या माझ्याकडं बघून हसल्या. डोळे इतके स्वच्छ होते की मला त्यांच्याकडं बघवेना. "धाकटे, मी राहते ना इथं. इथं मला सगळं आठवतंय. घरी गेले की पुन्हा ते धुकं."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. पण मी शब्द दिला होता.

"मुलगा वाट बघतोय तुमची," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

सकाळी दुधाची गाडी भोंगा वाजवत उभी राहिली. घाईत मी पिशव्या उचलल्या. जाऊबाई निमूटपणे माझ्याबरोबर चढल्या. गाडी वळणावर आल्यावर लक्षात आलं, त्यांची शाल कॉटवरच राहिली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लागेल."

बसमध्ये त्या बोलल्या नाहीत. पहिल्या गावाला मी म्हटलं, "इथं तुम्ही मावशीचं लग्न सांगितलंत." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या गावाला मी पाणी दिलं. तिसऱ्या गावाला त्यांनी माझ्याकडं वळून आदबीनं विचारलं, "तुम्ही कुठं उतरणार?"

जन्मात त्या मला कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या.

पुतण्या स्टँडवर आला होता. त्यानं आईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "आणलीत, काकू. अगदी जशीच्या तशी."

घरी त्यांना खुर्चीत बसवून मी कपडे बाहेर काढले. स्वेटर, झगे, मोजे, रुमाल, सगळं होतं. शाल सोडली तर एकही वस्तू चुकली नव्हती. घडी घालताना माझी बोटं कोपऱ्यांवरून फिरली.

दोन उभे. एक तिरका. वरून एक आडवा.

स्वेटरवर, झग्यांवर, प्रत्येक रुमालावर. निळा दोरा. गाठ उलटी.

मी ते घातले नव्हते.

जाऊबाई खुर्चीत शांत बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर भिंतीवर. मी त्यांच्या अंगातल्या कपड्याचा कोपरा उलटा केला. त्यांनी करू दिला, लहान मूल करू देतं तसा. तिथंही आडवा टाका होता.

तेवढ्यात फोन वाजला. घरमालकीण होती.

"पोचलात का, ते विचारायला केला."

"पोचलो. आमची शाल राहिली तुमच्याकडं."

"राहिली कुठं? त्यांनी अंगावर घेतलीय. ओसरीत बसल्यात वाटाणे सोलत. थांबा, देते."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं. मग तो आवाज, भरलेला, खोडकर, अगदी जवळ.

"धाकटे, चपला एकाच जोडीच्या घातल्यास ना गं?"

मी खुर्चीकडं बघत उभी होते. खुर्चीतली बाई भिंतीकडं बघत होती.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. पुतण्याला मी काही सांगितलेलं नाही. तो आईला रोज सकाळी स्वतः चहा पाजतो, केस विंचरतो. ती त्याला आदबीनं "बसा" म्हणते, आणि त्याला तेवढंही पुरतं. त्याला त्याची आई आहे.

काल मी पुन्हा नकाशा पसरला. हंगाम अजून लांब आहे, त्यामुळं भाडं कमी आहे. शहरात थांबायचं नाही, एका रात्रीचं लॉज वाचेल. थेट गावोगाव थांबणारी बस, पुढं दुधाची गाडी. घरमालकिणीला फोन करून मी म्हटलं, एकटीच येतेय, मला एक कॉट पुरे.

"एकच उरलीय," ती म्हणाली.

मग मी पिशवी भरायला घेतली. निळ्या दोऱ्याचं रीळ पिशवीच्या तळाशीच होतं. मी सगळ्यात आधी स्वतःचा स्वेटर उचलला, खूण घालावी म्हणून. त्याच्या कोपऱ्यात दोन उभे टाके आणि एक तिरका होता. वरचा आडवा टाका अर्धाच घातलेला होता, आणि सुई त्यातच होती.